कणकुंबीचा वारा, सहा वाजून एकवीस

पडद्यावर समुद्र काळाभोर,
त्यावर आठ फिकट पट्टे किनाऱ्याला धरून,
सारवताना बोटं उमटतात तसे.
अनगोळच्या भाड्याच्या खोलीत बसून
मी गोव्यासमोरचा समुद्र बघते.
खाली भडंगवाला हातगाडी लावतोय.

चित्र जानेवारीतलं, पहाटेचं.
उपग्रहानं सातशे किलोमीटर वरून
अंधारातच पाण्याला हाक मारली
आणि जेवढी परत आली तेवढी लिहून ठेवली.
खरखरीत पाणी ओ देतं.
गुळगुळीत पाणी हाक पुढं ढकलून देतं,
काळंच राहतं.

वारा पूर्वेचा. घाट ओलांडून उतरतो,
खरं उतरून गप बसत नाही.
पुन्हा चढतो, नसलेल्या डोंगरावर,
पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो,
आठ-आठ किलोमीटरवर.
उतरतो तिथं पाणी शहारतं,
चढतो तिथं पाण्याला पत्ताच नसतो.
ओढ्यातल्या दगडामागं फुगवटा धरतो ना, तसं:
पाणी निघून जातं, फुगवटा जागच्या जागी.
हवेतही लाट थांबते
आणि वारा तिच्यातून जात राहतो.

हत्तरगी मॅडम वाऱ्याला गाळी म्हणतात,
लाटेला अले.
पहिल्या दिवशी मला ऐकू आलं, आले.
कोण आले, म्हणून मी दाराकडं बघितलं.
तेव्हापासून आमच्या दोघींत
लाट आली की कुणीतरी आलेलं असतं.

पुण्याच्या परिषदेत मी बोलले:
आठ लाटा दिसतात, खरं सातच मोजता येतात.
मागून एकानं विचारलं,
खरं काय? आठ की सात?
सगळे हसले. मीही हसले, उशिरा.
आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात
हे कुठल्या आलेखात दाखवायचं?
कुठल्या तरी डोंगरावरून आलो आम्ही, कधीतरी,
जिभेवर त्याचा फुगवटा राहिला.
येणारे निघून गेले, तो हलत नाही.

काल रात्री मोनाप्पाला फोन लावला.
चौदा तारखेला पहाटे वारा होता काय रे?
तो म्हणाला, होता की!
साडेचारला गोठ्याचा पत्रा वाजालता.
आईनं मला वर चढवलं, दोन चिरे ठेवायला.
मग झोप कुठली.

फोन ठेवला आणि कागद ओढला.
साडेचार ते सहा एकवीस: एकशे अकरा मिनिटं.
सेकंदाला दहा मीटर धरले, म्हणजे जवळजवळ सदुसष्ट किलोमीटर.
कणकुंबीपासून पश्चिमेला मोजत गेले,
चोर्ल्याच्या वळणांवरून, माडांवरून, वाळूवरून,
आणि पेन्सिल थांबली
दुसऱ्या पट्ट्यावर.

आमच्या गावातून मलप्रभा निघते
ती समुद्राकडं पाठ करून, पूर्वेला.
आईनं समुद्र बघितलेला नाही.
लग्नातल्या एका फोटोत तिच्यामागं पडद्यावर
निळं काहीतरी रंगवलंय, तेवढंच.

शोधनिबंधात डोंगराची उंची जाईल,
तरंगलांबी जाईल, उष्ण थराची जाडी जाईल.
पत्रा जाणार नाही. चिरे जाणार नाहीत.
मॅडम म्हणतील हा पुरावा नव्हे,
आणि बरोबरच म्हणतील:
वारा वाटेत वेग बदलतो, दिशा बदलतो,
दहा मीटर मी मनानंच धरलेले.

सकाळी मोनाप्पाचाच फोन आला,
मागं गुरांच्या घंटा,
आई काहीतरी ओरडत होती कोंबड्यांवर.
रात्रभर त्याच्या डोक्यात होतं बहुतेक.
म्हणाला,
अगं, मग तुझ्या त्या चित्रात
आपला पत्रा दिसला काय?

पत्रा नाही दिसत, म्हटलं.
खरं, वाजलेला दिसला.